वृद्धिघटक आणि इन्शुलिनचे स्रवण

शरीरक्रियाशास्त्र शिकवताना इन्शुलिनच्या स्रवणाचा पाठ मी अनेक वर्षे ग्लुकोजपाशीच संपवत असे. रक्तातील साखर वाढते, ती स्वादुपिंडातील बीटा पेशीत शिरते, तिच्यापासून एटीपी हे पेशीचे ऊर्जावाहक रसायन तयार होते, पोटॅशियमच्या वाहिन्या बंद होतात, कॅल्शियम आत येते आणि इन्शुलिनने भरलेल्या पुटिका रिकाम्या होतात. हे वर्णन बरोबरच आहे. मात्र ही यंत्रणा सज्ज कोण ठेवते, हे त्यातून कळत नाही.

याचे एक उत्तर आयजीएफ-१ या वृद्धिघटकात आहे. वृद्धिसंप्रेरकाच्या प्रभावाने मुख्यतः यकृतात तयार होणारे हे ७० अमिनो आम्लांचे प्रथिन रचनेने इन्शुलिनचे जवळचे नातलग आहे आणि त्याचे ग्राही, म्हणजे त्याचा संदेश पकडणारी प्रथिने, बीटा पेशींवरही असतात. नावावरून कोणालाही वाटेल की ते तेथे पेशींची वाढ करण्यासाठीच असावेत. परंतु रोहित कुलकर्णी, रोनाल्ड कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्या उंदरांच्या केवळ बीटा पेशींतून या ग्राहीचे जनुक काढले होते, त्यांच्यात बीटा पेशींचे प्रमाण कमी झाले नव्हते. बिघडला होता तो ग्लुकोजला मिळणारा प्रतिसाद. ग्लुकोज आत आणणारे ग्लूट-२ आणि त्यावर पहिली प्रक्रिया करणारे ग्लुकोकायनेज, दोन्हींची निर्मिती घटली होती. पेशी होत्या, पण त्यांना साखरेची चाहूल नीट लागत नव्हती. हा निष्कर्ष मला आजही विलक्षण वाटतो.

याच गटाने १९९९ मध्ये बीटा पेशींतील इन्शुलिनचा ग्राही काढला होता, तेव्हा स्रवणाचा पहिला, झटपट टप्पाच नाहीसा झाला होता. दोन्ही ग्राही एकत्र काढल्यावर मात्र पेशीही घटल्या आणि पिल्लांना तीन आठवड्यांच्या वयातच मधुमेह झाला.

हाच आयजीएफ-१ तात्काळ परिणामात मात्र लगाम घालतो, आणि हे विद्यार्थ्यांना सांगताना मी मुद्दाम थांबते. तो फॉस्फोडायएस्टरेज-३बी हे विकर कार्यान्वित करतो, त्यामुळे पेशीतील सीएएमपी (पेशीच्या आत संदेश पोहोचवणारा रेणू) कमी होते. जेवणानंतर आतड्यातून येणारे जीएलपी-१ हे संप्रेरक ज्या सीएएमपीच्या जोरावर इन्शुलिनचे स्रवण वाढवते, नेमकी तीच त्यामुळे ओसरते.