उत्तरेकडची खोली आणि मऊ गुलाबी रंग : माझा अनुभव

परभणीच्या आमच्या घरातील उत्तरेकडची खोली सासूबाईंची आहे. वर्षाचा बहुतेक काळ तिच्यात थेट ऊन येत नाही, खाली करड्या शहाबादी फरश्या आहेत, आणि भिंतींवर पंधरा वर्षांपूर्वीचे फिकट निळे डिस्टेंपर होते. हात टेकला की तळव्याला पूड लागत असे. गुडघे दुखू लागल्यापासून सासूबाईंचा दिवसाचा बराच वेळ याच खोलीत जातो. ती उबदार दिसावी एवढ्याच इच्छेने गेल्या दिवाळीआधी तिला मऊ गुलाबी रंग द्यायचे मी ठरवले.

गुलाबी म्हटले की घरातल्यांना बालवाडीची भिंत आठवली. माझ्या मनात मात्र माहेरचे देवघर होते. आई चुन्यात थोडासा गेरू कालवून त्याला हात द्यायची. गेरूचा तांबडेपणा मातीचा असतो, त्यात पिवळसर अंग असते, म्हणून तो गुलाबी कधी थंड वाटला नाही. एवढे सगळे ठाऊक असूनही माझी पहिली निवड चुकली. शेडकार्डावरचा जो तुकडा मला सर्वांत नाजूक वाटला, त्याच्या पोटात निळसर झाक होती आणि दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र उजेडात ती मला दिसली नाही.

सुदैवाने पेंटरमामांनी आधी नमुन्याची छोटी डबी आणायला लावली. “ताई, डब्यातला रंग बघू नका, भिंतीवरचा वाळल्यावर बघा,” असे त्यांनी सांगितले, कारण हा रंग ओला असताना फिका दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो. दोन फूट लांबी-रुंदीच्या प्लायवूडवर दोन हात देऊन मी तो तुकडा चारही भिंतींना टेकवून पाहिला. सकाळी उत्तरेच्या निळसर उजेडात, खालच्या करड्या फरशीच्या सोबतीने, तो चक्क जांभळट दिसत होता. संध्याकाळी दिवा लावल्यावर तर आजारी माणसाच्या ओठांसारखा वाटला. दुसरा नमुना पिवळसर अंगाचा, पिकत आलेल्या पेरूच्या आतल्या गरासारखा घेतला. चार भिंती एकमेकींवर रंग परावर्तित करतात आणि तो कार्डापेक्षा दाट भासतो, म्हणून त्यातलीही एक पायरी फिकी छटा मी निवडली. तीन दिवस येता-जाता ती पाहिली आणि मगच डबे आणले.

खरे कष्ट रंगाच्या आधीचे होते. आमच्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात. त्या नुसत्या पुट्टीने झाकल्या तर पुन्हा उघडतात. म्हणून मामांनी पत्र्याने त्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खोदल्या, आत लवचीक भरण दाबले आणि वरून जाळीची पट्टी चिकटवली. जुने डिस्टेंपर खरवडायला दोन दिवस लागले. त्यानंतर पुट्टीचे दोन हात, घासकाम, प्रायमर आणि शेवटी इमल्शनचे दोन हात, असे काम आठ दिवस चालले. सासूबाई पाठ टेकून बसतात आणि केसांच्या तेलाचे डाग पडतात, म्हणून धुता येणारे मॅट इमल्शन घेतले. चकाकीमुळे जुन्या भिंतीचे उंचसखलपण उघडे पडले असते.

छताला शुभ्र पांढरा देऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे. त्याच्या शेजारी हा गुलाबी मळकट दिसतो; आम्ही दुधाळ, किंचित पिवळट पांढरा दिला. खोलीतला ६५०० केल्विनचा, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचा बल्ब काढून ३००० केल्विनचा, पिवळसर उजेडाचा लावला, तेव्हा कुठे रात्रीही भिंतींचा रंग दिवसासारखाच उबदार दिसू लागला. नव्या बल्बखाली पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंनी पोथी उघडली. अक्षरे नीट दिसतात ना, एवढीच मला काळजी होती. ती दिसत होती.

उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत भरून, तिच्यावर छटेचा क्रमांक आणि तारीख लिहून मी माळ्यावर ठेवला. यंदा मे महिन्यात खिडकीच्या एका कोपऱ्यात केसाएवढी भेग पुन्हा दिसली, तेव्हा तीच बरणी खाली काढली.