2530 नं सुरू होणारा नंबर

गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, आमचं म्हणजे मालकांचं, मी एक्सपोर्टचं बघतो. शिरोलीच्या फौंड्रीतनं कास्टिंग आणायचं, मशीनिंग करायचं, पाठवायचं. बहुतेक ट्रॅक्टर आणि पंपाचे पार्ट. गेल्या पावसाळ्यात जर्मनीतल्या एका ट्रेडरची इन्क्वायरी आली, ट्रकच्या व्हील हबची. ड्रॉइंग काय अवघड नव्हतं, एस.जी. आयर्न म्हणजे चिवट जातीचं ओतीव लोखंड, बेअरिंग बसतं त्या बोअरच्या मापाला जरा टाइट टॉलरन्स, एवढंच. पण खालच्या कोपऱ्यात पार्ट नंबरशेजारी आणखी एक तेरा आकडी नंबर, 2530-12 नं सुरू होणारा, आणि मेलमध्ये शेवटी एक ओळ : तुमचा एनकेज कोड कळवा.

मालक वैतागलेच. "आयएसओ हाय, ऑडिट झालंय, आता हे काय नवीन काढलंय?"

मी गुगल करायच्या आधी स्टोअरचे सुभेदार मामा चष्मा लावून प्रिंटवर वाकले. मामा शिरोळकडचे, फौजेच्या ऑर्डनन्स डेपोतनं रिटायर, बिन कार्डावर, म्हणजे मालाच्या आवक-जावकीच्या कार्डावर, आजपण खाडाखोड चालत नाही त्यांना. म्हणाले, "मालक, हा नाटोचा स्टॉक नंबर हाय."

"आपण कवा गेलो ओ नाटोत?"

"नाही गेलो. नंबरात हाय आपण."

मग मामांनी प्रिंट उलटी करून पेन्सिलीनं तुकडे पाडले. पहिले चार आकडे म्हणजे मालाचा वर्ग, 2530 म्हणजे मोठ्या गाड्यांचे ब्रेक, स्टिअरिंग, अ‍ॅक्सल, चाकाचं सामान. पुढचे दोन देशाचे, 12 म्हणजे जर्मनी. उरलेले सात त्या वस्तूचे. आणि भारताचा आकडा 72. आता भारत नाटोचा मेंबर नाही, होणारपण नाही, तरी त्यांच्या वहीत आपला रकाना आहे, जपानचा 30 आहे, ऑस्ट्रेलियाचा 66. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्कराला कळलं की एकच वस्तू वेगवेगळ्या डेपोत वेगवेगळ्या नावानं पडून आहे, म्हणजे एकीकडं ढीग आणि दुसरीकडं नवीन खरेदी. त्यातनं ही पद्धत आली, 1950 च्या दशकात नाटोनं उचलली, आणि नंतर मेंबर नसलेल्या देशांनाही आत घेतलं.

मला त्यातली एक गोष्ट भारी वाटली. वस्तूचं डिझाइन ज्या देशाचं, त्याच देशाचं ऑफिस तिची नोंद करतं. म्हणजे भारतातल्या डिझाइनच्या एखाद्या पार्टला नंबर पाहिजे असेल तर जर्मनीचं ऑफिस दिल्लीला विचारणार, दिल्ली माहिती भरून 72 चा नंबर देणार, आणि तो जर्मनीच्या गोदामात जसाच्या तसा चालणार. ब्रसेल्सच्या नाटो ऑफिसातनं कोण टेप घेऊन हब मोजायला येत नाही. करार-बिरार, झेंडे, हस्तांदोलनाचे फोटो आपण पेपरात बघतो, पण दोन लष्करांचा एकमेकांवरचा भरवसा असल्या रुक्ष कामातनं जास्त तयार होतो असं माझं मत झालंय.

न्हावाशेव्याहून युरोपला जायचा कंटेनरचा नेहमीचा रस्ता एडनच्या आखातातनं, तिथंही असंच झालेलं. 2008-09 मध्ये सोमाली चाच्यांनी ऊत आणला तेव्हा नाटो, युरोपियन युनियन, भारत, चीन, जपान, सगळ्यांची लढाऊ जहाजं तिथं. कोण कुणाच्या हुकमाखाली नाही. मग बहारीनमध्ये शेड (SHADE) नावाच्या, नौदलांनी एकमेकांना माहिती द्यायच्या बैठका सुरू झाल्या, आणि 2012 पासून भारत, चीन, जपाननं व्यापारी जहाजांना सोबत करणाऱ्या आपापल्या ताफ्यांचं वेळापत्रक जुळवून घेतलं, म्हणजे एकाच दिवशी तिघं आणि दुसऱ्या दिवशी कोणीच नाही असं व्हायला नको. भारत आणि चीन, बघा!

अर्थात लई हुरळून जाण्यात पण अर्थ नाही. नाटोनं 1994 ला मेंबर नसलेल्या देशांबरोबर काम करायला पार्टनरशिप फॉर पीस नावाची योजना काढली, त्यात स्वीडन, फिनलंड, युक्रेन आणि चक्क रशियापण होता. रशियाचे सैनिक 1996 ला बोस्नियात नाटोबरोबर तैनात होते. फिनलंड 2023 ला आणि स्वीडन 2024 ला मेंबर झाले, कागदपत्रं, सराव, रेडिओ, सगळं आधीच जुळलेलं. रशियाबरोबरचं प्रत्यक्ष सहकार्य 2014 ला रशियानं युक्रेनचा क्रिमिया घेतल्यावर थांबलं. आणि युक्रेनला मदत कितीही मिळो, एकावर हल्ला तो सगळ्यांवर हल्ला हे कलम पाच फक्त मेंबरना. पार्टनरला नाही. मामांचं यावर एकच, "रेशनकार्ड येगळं आन् नातं येगळं."

असो. एनकेज (NCAGE) म्हणजे नाटोच्या याच पद्धतीतला कंपनीचा कोड, अक्षरं-आकडे मिळून पाच, भारतात तो संरक्षण मंत्रालयाचं डायरेक्टोरेट ऑफ स्टँडर्डायझेशन देतं. त्याच दुपारी फॉर्म भरायला बसलो. सगळ्यात जास्त वेळ पत्त्यात गेला, कारण जीएसटीवर प्लॉट नंबर एक तऱ्हेनं, लाइट बिलावर दुसऱ्या तऱ्हेनं आणि आयईसीवर, म्हणजे आयात-निर्यात कोडावर, तिसऱ्याच. मामा मागं उभे राहून स्पेलिंग तपासत होते, मालक दर पाच मिनिटांनी विचारत होते, "पैसे किती लागणार ओ ह्याला?"

पुढं कोड आला. लष्करी गाडीचा पार्ट असला तर स्कोमेटची, म्हणजे लष्करी वापराच्या मालाच्या निर्यातीची, परवानगी लागते का हे वेगळं बघावं लागतं, ते आमच्या सीएचएकडं, म्हणजे कस्टमच्या एजंटकडं, दिलंय. हबची ऑर्डर अजून कोटेशनवरच अडकलीय, ट्रेडरला रेट कमी पाहिजे आणि पिग आयर्नचा भाव काय खाली येईना. मालकांनी मात्र कोड व्हिजिटिंग कार्डावर छापून घेतला, जीएसटी नंबरच्या वर.