शिधावाटपाचा दिवस

2020 चा ऑगस्ट. पोळा चार दिवसांवर आला होता आणि शाळेत शिधावाटप होतं. त्या दिवसाला आता बरीच वर्षं झाली, तरी शाळेत तांदळाची गोणी उतरली की तो दिवस आठवतोच.

आमचं गाव तापीकाठचं, अमळनेर तालुक्यातलं. जिल्हा परिषदेची पहिली ते चौथी, दोनशिक्षकी शाळा, पटावर 41 मुलं. मार्चमध्ये शाळा बंद झाली तशी चूलही बंद झाली. पोषण आहाराचे तांदूळ आणि कडधान्य कोरडंच पालकांच्या हातात द्यायचं ठरलं. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ. त्याला दिवसांनी गुणायचं, मुलागणिक पिशवी बांधायची, सही घ्यायची, फोटो काढायचा. गोणीवर 50 किलो छापलेलं असतं. बारदान काढून मोजलं की काटा 49 च्या आतच थांबतो. ती तूट कुठून भरायची, हे कुठल्याच पत्रात लिहिलेलं नसतं. म्हणून मी किराणा दुकानातून मोठा काटा मागून आणायचे आणि प्रत्येक पिशवी पालकासमोर मोजायचे. माझ्या शाळेतून एकाही घरी कमी तांदूळ गेला नाही, हे मी छाती पुढे काढून सांगते.

पण पिशवी घरी गेली म्हणजे मुलाच्या पोटात गेली असं नाही. शाळेत जे एका ताटात पडायचं ते घरी सात ताटांत वाटलं जातं. यात आईचा दोष नाही, एका पोराचा भात वेगळा कोण शिजवतं? शिवाय आमची निम्मी मुलं पंगतीमुळे जेवायची. शेजारचा भराभर खातो म्हणून हाही खातो. घरी कळण्याची भाकरी समोर असते, पण शेजारी कोणी नसतं.

त्या दिवशी मुलांना आणायचं नाही असं बजावलं होतं. तरी चौथीतला एक मुलगा आईच्या पदराला धरून आला. त्याला मी इथे समाधान म्हणते, खरं नाव वेगळं आहे. सदरा खांद्यावरून उतरत होता. मी पिशवी बाजूला ठेवली आणि त्याला काट्यावर उभं राहायला सांगितलं. फेब्रुवारीच्या नोंदीत त्याचं वजन 25 किलो होतं. काट्यावर आकडा आला 22 किलो 300 ग्रॅम. या वयात मूल वर्षाला दोन-अडीच किलोने भरतं. हा जवळपास पावणेतीन किलोने उतरला होता. जवळजवळ तेवढ्याच तांदळाची पिशवी त्याच्या आईच्या हातात होती.

आई हळूच म्हणाली, "मॅडम, पोऱ्या जेवत नही. रातले दचकीसन उठस. हातरून बी ओलं करस." आरोग्य केंद्रात दाखवलं होतं, पोटात काही निघालं नव्हतं. अंगाराही लावून झाला होता. जुलैमध्ये त्याचे आबा, म्हणजे आजोबा गेले, कोरोनाने. रुग्णवाहिकेत बसताना दिसले ते शेवटचे. नंतर चेहरासुद्धा कोणी पाहिला नाही.

वाटप एकला संपलं. आमच्या सरांना आकडेवारीची फाईल पाठवायची होती, मी ती त्यांच्यावर सोडून समाधानच्या घरी गेले. आकडेवारीबद्दल एक सांगते. मोबाईल किती मुलांकडे आहे, मोबाईलवर येणारी रोजची अभ्यासमाला किती जणांनी उघडली, टीव्हीवरचे पाठ किती जणांनी पाहिले, हे आम्हाला आठवड्याला विचारलं जायचं. मूल झोपतं का, जेवतं का, याला रकाना नव्हता. रकाना नसला की त्या गोष्टीकडे कोणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

तो गोठ्यात गव्हाणीपाशी बसला होता. मी खाटेवर लांब बसले. अभ्यासाचं काढलंच नाही. म्हटलं, "यंदा शिंगं कोण रंगवणार?" दरवर्षी आबा आणि तो रंगवायचे. आबा शिंग धरायचे, हा हिंगूळ लावायचा. कोनाड्यात डबी होती, न उघडलेली. बराच वेळ तो बैलाच्या पायाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आबा मन्हामुये गयात."

असं का वाटतं, असं मी विचारलं.

"मी खेयाले गऊ म्हनीसन. तुम्हीच धाडेल व्हतं ना मोबाईलवर."

मला कळेना. त्याने बापाचा फोन आणला, शाळेचा गट उघडला आणि बोटाने वर वर सरकवत एप्रिलपर्यंत गेला. एक चित्र होतं. मुलगा भवरा घेऊन दारातून धावत येतोय, आत खाटेवर आजोबा खोकतायत. खाली ओळ: तुमचं खेळणं आजोबांच्या जिवावर बेतू शकतं. ते वरून आलं होतं आणि मी तसंच पुढे पाठवलं होतं, नीट बघितलंही नव्हतं. त्याने मात्र अक्षर न् अक्षर वाचलं होतं. त्याला वाचायला मीच शिकवलं.

जुलैमध्ये एका दुपारी तो गुपचूप पारावर भवरा फिरवायला गेला. चौथ्या दिवशी आबांना ताप भरला. नऊ वर्षांच्या पोराने दोन्ही गोष्टी जोडल्या आणि महिनाभर एकट्याने सांभाळल्या.

काय बोलावं ते सुचेना. त्याचा काका त्याच सुमारास सुरतहून आला होता, आबाही बाजारात जाऊन आले होते. "तुझ्यामुळे नाही, काकामुळे" असं म्हणणं सोपं होतं. ते तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्याच्या छातीवरचा धोंडा उचलून दुसऱ्याच्या छातीवर कसा ठेवायचा? मी म्हटलं, हा आजार कोणाकडून कोणाला गेला हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. आबांना दमा होता, वय झालेलं होतं. भवरा खेळल्याने कोणी मरत नाही. आणि ते चित्र मी पाठवलं ती माझी चूक होती. हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

त्याच्या बापाला आत बोलावलं. बाप महिनाभर पोराशी आबांबद्दल एक शब्द बोलला नव्हता, पोरगं रडेल म्हणून. तो पोराला पोटाशी धरून स्वतःच रडला. मी उठून ओट्यावर गेले.

मग साध्या गोष्टी ठरवल्या. जेवताना बातम्या बंद. रात्री आजीच्या अंथरुणात झोपायचं. उठायची, जेवायची, झोपायची वेळ कागदावर लिहून भिंतीला लावायची. सकाळी बैलांना पाणी दाखवायचं काम त्याचं. जेवायला चुलतभावंडं एका ओळीत, पंगतीसारखी. रात्री दचकला की गरम भाकरीचा वास घ्यावा तसा हळू श्वास आत घ्यायचा आणि भाकरी निववावी तशी लांब फुंकर घालायची. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गुलाबी गोळी बंद पडली होती, ती आशाताईंनी घरपोच सुरू केली, जेवणानंतर. ओलं अंथरूण सकाळी कोणी बोलून दाखवायचं नाही, हे आईला दोनदा बजावलं.

पोळ्याला मिरवणूक नव्हती. संध्याकाळी त्यांच्या दारावरून गेले तेव्हा बाप शिंग धरून उभा होता. समाधानच्या हातात डबी होती, कोपरापर्यंत लाल झाला होता.

गटावरचं ते चित्र एव्हाना सगळ्यांच्या फोनवरून पुसणं शक्य नव्हतं. सप्टेंबरच्या 15 तारखेला 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं आणि तापमापक, ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी फिरायचं काम आलं. घरातल्या सगळ्यांचं तापमान लिहून झालं की मी मुलाला बाजूला घ्यायचे आणि विचारायचे, "हे सगळं कशामुळे झालं असं तुला वाटतं?" तिघांनी समाधानसारखंच उत्तर दिलं. एक मुलगी एप्रिलपासून आजीच्या खोलीचा उंबरा ओलांडत नव्हती. आजीला वाटत होतं, नातीला आपली किळस येते.

समाधानचं वजन दिवाळीत 24 वर आलं. गावाकडच्या पहिली ते चौथीच्या शाळा 1 डिसेंबर 2021 ला उघडल्या. तोवर तो पाचवीला दुसऱ्या शाळेत गेला होता. चौथीचं अख्खं वर्ष तो वर्गात एक दिवसही बसला नाही.

41 पैकी 40 मुलांना विचारून झालं. राहिली ती दुसरीतली मुलगी. मी गेले तेव्हा दाराला कुलूप होतं, आईबाप कामासाठी सुरतला परत गेले होते. त्यांचा नंबर लागत नाही. तिच्या आजीलाही त्या वर्षी कोरोना झाला होता.