एसी बंद, सिमेंट अजून पाकिटात

मे महिन्यातली दुपार. ऑपरेशन थिएटरचा एसी गेला तेव्हा पेडण्याच्या आजी टेबलावर पालथ्या, कमरेच्या पहिल्या, एल-वन मणक्यात दोन्ही बाजूंनी ११ गेजच्या जाड पोकळ सुया बसलेल्या. मणक्यात सिमेंट भरून दुखणं थांबवायचं, ती व्हर्टिब्रोप्लास्टी चालली होती. सिमेंटचं पाकीट फोडलेलं नव्हतं, एवढंच नशीब.

भिंतीवर पारा २८. पीएमएमए, म्हणजे हाडात भरायचं हे सिमेंट, उष्ण हवेत झटपट आवळतं. प्रयोगशाळेत त्याची वेळ २३ अंशांना मोजतात, त्यामुळे रोजचा अंदाज त्या दिवशी चालणार नव्हता. फ्रिजमधलं दुसरं पाकीट मागवलं. गार माल सावकाश घट्ट होतो. उरेल म्हणून अर्धीच पावडर, अर्धंच द्रव कालवायचं, हा शहाणपणा कोणी करू नये. प्रमाण चुकलं की सगळंच चुकतं.

सी-आर्म, म्हणजे चालू ऑपरेशनमध्ये पडद्यावर हाडं दाखवणारं एक्स-रे यंत्र, बाजूने दिसणाऱ्या चित्रावर, एक मिलीच्या सिरिंजा ओळीने मांडलेल्या. भूलतज्ज्ञांना आधी सांगून ठेवलं, कारण सिमेंट जाताना रक्तदाब घसरू शकतो. द्रव पावडरीवर पडताक्षणी घड्याळ सुरू केलं, पण भरवसा घड्याळावर नव्हता. सुईच्या टोकाशी मधासारखं ओघळलं तर थांबायचं. टूथपेस्टसारखं लोंबलं, चकाकी गेली, ग्लोव्हला चिकटेनासं झालं, की सुरू. पातळ सिमेंट घाईने भरणं हेच गळतीचं मोठं कारण. फ्रिजचं पाकीट असूनही ती अवस्था नेहमीपेक्षा बरीच आधी आली.

डावीकडे दोन मिली निमूट गेलं. उजवीकडे दुसऱ्या सिरिंजला पडद्यावर मणक्याच्या मागच्या भिंतीपलीकडे केसासारखी काळी रेघ दिसली. सिमेंट भरणाऱ्या सरांचा अंगठा तिथेच थांबला. ही शिरेची वाट. पुढे कण्याची पोकळी, नाहीतर थेट फुप्फुस.

"आजी, पायाची बोटं हलवा बघू."

"हालतात गो बाये."

एरवी मिनिटभर थांबलो असतो. आत गेलेलं घट्ट होऊन वाट बुजवतं, मग पुढचं हळूहळू देता येतं. पण आज सिरिंजमधलंही तितक्याच वेगात आवळत होतं, आणि घट्ट झालेलं जोर लावून दाबणं म्हणजे दुसरी गळती ओढवून घेणं. तीन मिलीवरच थांबलो. जास्त भरलं म्हणून दुखणं जास्त थांबतं असं नाही.

सुईत स्टायलेट, म्हणजे तिच्या आतली सळई, परत घातली, नाहीतर मागे सिमेंटची शेपटी उरते. सुया फिरवत काढल्या. थोडा उशीर झाला असता तर त्या हाडातच अडकल्या असत्या.

वाटीत ठेवलेला सिमेंटचा गोळा आधी गरम झाला, मग दगड झाला. शरीरातलं त्याच्याही आधी घट्ट होतं, तरी आम्ही गोळ्याचीच वाट पाहतो. तो वाटीवर टणकन वाजला तेव्हा आजींना उताणं केलं.