‘लुक’चा तास

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेचा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. स्नेहसंमेलनं, सहली, कबड्डीचे सामने यांवर बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते आठवीत सरांनी शिकवलेल्या एका इंग्रजी क्रियापदाबद्दल, ‘लुक’बद्दल.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते पुढे, २००० साली. म्हणजे आठवीत पोचलो तेव्हा आमच्या पदरात तीन वर्षांचं इंग्रजी, आणि घरी बोलायला अहिराणी. पांझरेकाठच्या आम्हा पोरांना पुस्तकातली मराठीसुद्धा शिकूनच घ्यावी लागली होती. ‘लुक ॲट’ म्हणजे पाहणे, ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे, ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, ही यादी गाइडमधून तोंडपाठ होती. रिकाम्या जागा भराव्यात एवढी ती पुरे. स्वतःचं वाक्य करायचं म्हटलं की वर्ग चिडीचूप.

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की सर आम्हाला पटांगणातल्या निंबाखाली बसवायचे. फळा भिंतीला टेकवलेला असे. त्यावर त्यांनी एकाखाली एक दोन वाक्यं लिहिली. ‘लुक ओव्हर द वॉल’ आणि ‘लुक ओव्हर द होमवर्क’. पहिलं म्हणजे भिंतीवरून पलीकडे बघ. दुसरं म्हणजे गृहपाठावरून एकदा नजर फिरव, तपास. ‘‘दिसायला दोन्ही सारखी आहेत. आता ‘वॉल’ आणि ‘होमवर्क’ पुसतो आणि दोन्हीकडे ‘इट’ घालतो,’’ असं म्हणत त्यांनी लिहिलं, ‘लुक ओव्हर इट’. आणि खाली लिहिलं, ‘लुक इट ओव्हर’.

खालच्या वाक्यात ‘इट’ मध्ये घुसला होता.

पहिल्या वाक्यातलं ‘ओव्हर’ भिंतीचं आहे, ते भिंतीला सोडत नाही, म्हणून भिंतीच्या जागी आलेला ‘इट’ही त्याच्या मागेच राहतो. दुसऱ्यातलं ‘ओव्हर’ ‘लुक’चं आहे. दोघं मिळून एकच क्रियापद झालंय. होमवर्क हा शब्द त्या दोघांच्या नंतर येऊ शकतो किंवा मध्येही येऊ शकतो, ‘लुक द होमवर्क ओव्हर’ हेही बरोबरच. पण ‘इट’, ‘हिम’, ‘देम’ अशी सर्वनामं आली की त्यांना मध्येच बसावं लागतं. ‘लुक अप’ म्हणजे शब्दकोशात वगैरे शोधून बघणे. ‘लुक अप द वर्ड’ चालतं, ‘लुक द वर्ड अप’ चालतं, सर्वनामाला मात्र ‘लुक इट अप’ ही एकच वाट. उलट ‘लुक ॲट इट’, ‘लुक फॉर इट’, ‘लुक आफ्टर देम’, ‘लुक इंटू इट’ (त्याचा तपास कर) यांत सर्वनाम कधीच मध्ये येत नाही. मराठीत हा घोळ होतच नाही, कारण आपलं शब्दयोगी अव्यय नामाला चिकटूनच येतं. ‘भिंतीवरून’ म्हटलं की ‘वरून’ कोणाचं हे विचारावं लागत नाही. इंग्रजीत तो छोटा शब्द सुटा उभा असतो, कोणाचा ते दिसत नाही. सर्वनाम घातलं की कळतं.

एवढं सांगून सर थांबले असते तरी आम्ही परीक्षेपुरते तरलो असतो. पण त्यांनी आम्हाला ऐकायला लावलं. हातातल्या डस्टरने टेबलावर ठेका धरत ते वाक्य म्हणायचे. ‘लुक ॲट इट’मध्ये ठोका ‘लुक’वर पडायचा, ‘ॲट इट’ भरकन निघून जायचं. ‘लुक इट अप’मध्ये ठोका ‘अप’वर. सर्वनाम हलकं असतं, ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय ते ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून जोर शेवटच्या ‘अप’ला देऊन इंग्रज ‘इट’ला मध्ये सरकवून टाकतो. कोणत्या लांबलचक नामाला मात्र असं मध्ये कोंबत नाहीत, ते शेवटी जातं. वर्ग एका सुरात म्हणत गेला आणि पोरांच्या कानात ते बसलं. नियम विसरले तरी ‘लुक अप इट’ असं माझ्या तोंडून आजही निघणार नाही, कारण ते कानाला खटकतं.

मग कोणीतरी विचारलं, सर, ‘अप’ म्हणजे तर वर, डिक्शनरीत वर काय बघायचं? सरांनी उलट विचारलं, ‘‘भांडणात काय म्हणतोस रे तू?’’ तो लाजत म्हणाला, ‘‘तुले देखी लिसू.’’ सगळे हसले. सर म्हणाले, ‘‘बघून घेईन. यात घेतोस काय?’’ ‘बघून घे’, ‘लिहून ठेव’, ‘खाऊन टाक’, ‘बसून घे’, यांतले ‘घे’, ‘ठेव’, ‘टाक’ आपला मूळ अर्थ बाजूला ठेवून आधीच्या क्रियापदाला नवी कळा देतात. इंग्रजीत तेच काम ‘अप’, ‘ओव्हर’, ‘डाऊन’ करतात. ‘खाऊन टाक’ला ‘ईट इट अप’, ‘लिहून ठेव’ला ‘राइट इट डाऊन’. हे आमच्या घरच्या बोलीत होतंच, फक्त कोणी दाखवलं नव्हतं. इंग्रजीच्या तासाला अहिराणी बोलू देणारे सर मला नंतर कुठे भेटले नाहीत. ‘लुक डाऊन ऑन’ म्हणजे तुच्छ लेखणे, हे शिकवताना त्यांनी उदाहरण दिलं ते शहरात आमच्या बोलीला हसणाऱ्या लोकांचं, आणि लगेच खाली ‘लुक अप टू’, म्हणजे आदराने पाहणे, लिहून आपापल्या आजीबद्दल एकेक वाक्य करायला सांगितलं. दोन्हींत तीन-तीन शब्द, आणि शेवटचे ‘ऑन’, ‘टू’ हे नामाचे, म्हणून ‘लुक अप टू हर’. ‘हर’ शेवटी.

सॅम्युअल जॉन्सन यांनी आपल्या १७५५च्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची इंग्रजीची रीत परक्यांना सर्वांत जड जाते. हे मी फार उशिरा वाचलं. सरांनी ते वाचलं होतं की नाही कोण जाणे.

आज मी कोर्टातल्या कागदपत्रांचा अनुवाद करते. पोटगीच्या, मुलांच्या ताब्याच्या अर्जांत ‘वॉज लुक्ड आफ्टर बाय हर’ असं येतं. तिथे ‘आफ्टर’ एकटाच लोंबकळत असतो, त्याचं नाम वाक्याच्या सुरुवातीला कर्ता होऊन बसलेलं असतं. ते नेमकं ओळखून ‘तिने त्याचा सांभाळ केला’ असं लिहावं लागतं. मूल कोणाकडे राहावं हे ठरवताना न्यायाधीश ते वाक्य वाचणार असतात. तपासाच्या कागदांत ‘लुक इंटू’ येतं, हिशेबाच्या कागदांत ‘लुक ओव्हर’. दर वेळी मी मनात ‘इट’ घालून पाहते.

आठवी-नववीच्या मुलांसाठी एक गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण नोकरीच्या अर्जांत ही चूक सर्रास दिसते. भेटीची वाट पाहतोय असं सांगायला ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ असं लिहू नका. ‘टू’ पाहून पुढे साधं क्रियापद लिहायचा मोह होतो. त्या ‘टू’पुढे ‘इट’ ठेवून बघा. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ नीट बसतं. म्हणजे हा ‘टू’ नामाचा आहे, त्याला पुढे नामासारखंच काही लागतं, म्हणून ‘टू मीटिंग यू’.

गाइडमधल्या याद्या आजही तशाच आहेत, हे माझ्या भाच्याच्या दप्तरात पाहिलं. शाळेने सांगितलं तर सुट्टीच्या शनिवारी आठवीच्या वर्गावर मी तास घ्यायला येईन. पुढचं क्रियापद ‘पुट’ घेऊ. त्यात ‘पुट ऑन’, ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’ आहेत, आणि अहिराणीत त्यांना काय म्हणतात ते मुलांनीच सांगायचं.