तेरा-अकरानंतरचे तीस सेकंद

व्हॉलीबॉल सामन्याच्या पाचव्या, पंधरा गुणांच्या निर्णायक सेटमध्ये माझा संघ १३-११ असा पुढे होता आणि चेंडू आमच्या सर्वांत भरवशाच्या सर्व्हरच्या हातात होता. नेमका तेव्हाच समोरच्या प्रशिक्षकांनी टाइम-आउट घेतला. लयीत आलेल्या सर्व्हरला थांबवून विचार करायला लावायचे, एवढाच त्यामागचा हेतू होता. तो ओळखूनही त्या तीस सेकंदांत मी तिला म्हणालो, “काहीही कर, पण नेटमध्ये मारू नकोस.” ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही.

तिची सर्व्हिसपूर्वीची पद्धत आम्ही दोन हंगाम घडवली होती. चेंडूला चार टप्पे द्यायचे, दीर्घ श्वास सोडायचा, समोरच्या कोर्टातली एकच जागा हेरायची आणि मगच चेंडू उडवायचा. शिट्टीनंतर नियमाने आठ सेकंद मिळतात आणि तिला एरवी पाच-सहा लागत. व्हिडिओत मोजले, तर त्या वेळी तिने जेमतेम दोनच सेकंद घेतले होते. टप्पे नाहीत, श्वास नाही. फ्लोटर, म्हणजे फिरकी न देता मारलेली सर्व्हिस, नेटच्या वरच्या पट्टीला लागून आमच्याच बाजूला पडला. नंतर ती म्हणाली, “सर, मला जागा दिसलीच नाही, नेटच दिसत होतं.” ‘पाच नंबरच्या कोपऱ्यात’, म्हणजे त्यांच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात, ‘टाक’ एवढे मी सांगणे पुरेसे होते.

त्यांची पुढची सर्व्हिस आमच्या दोन खेळाडूंच्या मधोमध पडली, कारण ‘माझा’ अशी हाक कुणीच दिली नाही. १३-१३. माझा एक टाइम-आउट शिल्लक होता, तरी मी तो घेतला नाही. लगेच आमची सेटर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारी खेळाडू, त्यांची सर्व्हिस मारली जाण्याआधीच जागा सोडून पुढे धावली आणि पंचांनी पोझिशनचा फॉल्ट देऊन त्यांना गुण दिला. पंधरावा गुण मात्र त्यांनी खणखणीत स्मॅशवर स्वतः कमावला.

‘मनाने कच्ची आहे’ असे म्हणून माझे काही सहकारी मोकळे झाले. उडी कमी पडली तर महिनोन्‌महिने सराव करून घेणारी हीच माणसे मनाची तयारी मात्र उपजत असते असे मानतात, याचा मला संताप येतो.

आता सरावाच्या शेवटी, मुली दमलेल्या असताना, मी फळ्यावर १३-११ लिहितो आणि प्रत्येकीला एकच सर्व्हिस देतो. त्या दिवशीची सर्व्हर पुन्हा चार टप्पे घेऊ लागली आहे. टाइम-आउटमध्ये ती माझ्याकडे येते, तेव्हा मात्र मी अजूनही शब्द शोधत असतो.