इकोस्पोर्टनंतर कोणती? कुंभार्ली घाटासाठी गाडी निवडताना

फोर्डने सप्टेंबर २०२१मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा आमची २०१४ची डिझेल इकोस्पोर्ट सात वर्षांची होती. जुनी देऊन तीच नवी आणायची, हा सोपा रस्ता त्या दिवशी बंद झाला. पण गाडी उत्तम चालत होती, त्यामुळे नवीन कोणती हा प्रश्न आम्ही पुढे ढकलत राहिलो. २०२५च्या पावसाळ्यानंतर मात्र तो टाळता येईना. काट्यावर १,६८,००० किलोमीटर झाले होते. क्लच, शॉकअब्सॉर्बर आणि सस्पेन्शनचे बुश एकदम बदलायला आले होते. आमचे गॅरेजवाले मामा म्हणाले, "ताई, इंजिनाला काही झालेलं नाही. पण आता ही दरवर्षी काहीतरी मागणार. तुम्ही रात्रीच्या एकट्या घाट उतरता, म्हणून सांगतोय."

मी कराडला राहते, कॉलेजात शिकवते. माहेर गुहागरला. आई गेल्यापासून आप्पा तिथे एकटेच असतात, म्हणून माझं जाणं-येणं सारखं चालू असतं. पाटण, कोयनानगर, हेळवाक, मग कुंभार्ली घाट, पोफळी, चिपळूण. हा रस्ता आणि त्यावरचा पाऊस ज्याने पाहिलाय, त्याला गाडीकडून मला काय हवं ते वेगळं सांगायला नको.

इकोस्पोर्टवर माझा जीव होता आणि त्याला कारणं होती. २०० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचा तळ आणि रस्ता यांतलं अंतर), उंच बसायची जागा, वळणावर हाताला नेमकं सांगणारं स्टिअरिंग. घाटात ती कधी डोलली नाही. २२ जुलै २०२१च्या पुरानंतर चिपळूणचा रस्ता खुला झाला, तेव्हा आत्याकडे पिण्याच्या पाण्याचे कॅन, औषधं आणि कोरडे कपडे घेऊन आम्ही हिच्यातूनच गेलो होतो. गल्लीत घोट्याच्या वर चिखल होता. त्या गाडीने आम्हाला दारापर्यंत नेलं.

शोध सुरू झाल्यावर मी आधी एक काम केलं. "इकोस्पोर्टसारखी गाडी" हे शब्द बाजूला ठेवले आणि तिच्यातलं मला नक्की काय लागतं ते वहीत उतरवलं. मागच्या दाराला टांगलेली स्टेपनी मला आवडायची, पण ती गरजेची नव्हती. ते दार बाजूला उघडायचं, त्याचीही फक्त सवय झाली होती. लागत होतं ते असं: दुसऱ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर (म्हणजे इंजिन सावकाश फिरत असताना), भरल्या गाडीने वळण चढता येणं, खड्ड्यात टायर न फुटणं, पावसात आणि धुक्यात पुढचं दिसणं, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आप्पांना कोणाच्या आधाराशिवाय आत बसता येणं. पुढे शोरूममध्ये सनरूफ आणि मोठ्या स्क्रीनचं कौतुक चालायचं, तेव्हा मी ती वही उघडायची.

इंधनाचा निर्णय सगळ्यात जास्त वेळ खाणारा ठरला. ज्याला विचारावं तो म्हणायचा, "आता डिझेल कशाला घेता?" त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. बीएस-६, म्हणजे सध्याच्या प्रदूषण नियमांच्या, डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. तो काजळी अडवून धरतो आणि ती जाळून टाकायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. गाडी रोज फक्त घर ते बाजार, बाजार ते घर अशी दोन-तीन किलोमीटरच फिरली, तर तो तापत नाही, काजळी साठत जाते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एकसारखी चालवली की बहुतेक वेळा तो स्वतःला साफ करून घेतो. गावातल्या गावात फिरणाऱ्याने डिझेल घेऊ नये, हे माझंही ठाम मत आहे. पण कॉलेजला मी स्कूटीने जाते. गाडी निघते ती गुहागरला, नाहीतर हायवेने पुण्याला लेकीकडे. म्हणजे डीपीएफला जे हवं ते माझ्या वापरात आपोआपच होतं.

मग हिशेब मांडला. वर्षाला साधारण १४,००० किलोमीटर. घाट धरून टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबणारा पंखा) असलेली पेट्रोल गाडी लिटरला १४ देईल आणि डिझेल १८, असं धरलं. पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास, डिझेल ९१च्या. पेट्रोलचा वर्षाचा खर्च १,०४,०००, डिझेलचा ७१,०००च्या आत-बाहेर. वर्षाला ३३,००० वाचतात. डिझेल गाडीचे जास्तीचे दीड लाख धरले, तरी ते साडेचार-पाच वर्षांत भरून येतात, आणि आम्ही गाडी दहा वर्षं वापरणारी माणसं. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला एकरकमी रोड टॅक्स १२ टक्के आहे आणि डिझेलला १४. तो फरकही या दीड लाखात धरला होता. दिल्लीत डिझेल गाड्यांना घातली गेली तशी दहा वर्षांची अट आपल्याकडे नाही, इथे नोंदणी पंधरा वर्षांची असते. ही शंका घरात प्रत्येकाला होती, म्हणून मुद्दाम लिहिते.

वेळही जुळून आली होती. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा कर सेस धरून ३१ टक्के होता, तो १८ टक्क्यांवर आला. पेट्रोलला ही सवलत १२०० सीसीपर्यंतच आहे. त्यामुळे गाडी चार मीटरच्या आत असली, पण पेट्रोल इंजिन दीड लिटरचं, म्हणजे १५०० सीसीचं असलं, तर तिला ४० टक्के कर लागतो. गाडीची लांबी सगळे विचारतात. तुम्ही सीसीचा आकडाही विचारा.

यादीत शेवटी चार गाड्या उरल्या: टाटाची नेक्सॉन डिझेल, महिंद्राची एक्सयूव्ही ३एक्सओ डिझेल, कियाची सोनेट डिझेल ऑटोमॅटिक आणि पेट्रोलमधली स्कोडाची कायलॅक. कायलॅक मी मुद्दाम ठेवली होती, कारण तिच्या स्टिअरिंगची तारीफ बऱ्याच जणांकडून ऐकली होती आणि इकोस्पोर्ट चालवलेल्या माणसाला त्याचा मोह होतोच. भारत एनसीएपी या अपघात-सुरक्षेच्या चाचणीत तिला पाच तारे आहेत. ३एक्सओ आणि नेक्सॉनलाही पाच तारे आहेत. यादी करताना हे तारेही मी बघत होते.

टेस्ट ड्राइव्हबद्दल मला कळकळीने सांगायचंय. शोरूममधून बाहेर, सर्व्हिस रोडने पुलाखालून वळसा आणि परत, एवढ्यात गाडीचा वास कळतो, गाडी कळत नाही. मी प्रत्येक ठिकाणी एकच मागणी केली: साताऱ्यात समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायचा, वरून वळायचं आणि उतरायचं. गाडीत चार माणसं, एसी चालू. एका ठिकाणी "आमच्याकडे एवढा लांबचा रूट नसतो" असं उत्तर मिळालं. मी नमस्कार करून निघाले. बाकीच्यांनी जाऊ दिलं. एका ठिकाणचा मुलगा तर स्वतःच म्हणाला, "मॅडम, आपण संध्याकाळी जाऊ, हेडलाइटपण बघता येईल." त्याची ती सूचना मला फार मोलाची वाटली.

घाटात कागदावरचे आकडे अंगाला कळतात. आमच्या जुन्या गाडीचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, २०० न्यूटन मीटरच्या थोडा वर. नेक्सॉन डिझेलचा २६०, ३एक्सओ डिझेलचा ३०० आणि तोही १५०० आरपीएमपासून. कायलॅकचा १७८, १७५०पासून. कायलॅक हायवेला आणि उतारावर मला मनापासून आवडली, वळणात ती अगदी जमिनीला धरून जाते. पण चौघांसह तीव्र वळण चढताना मी पुन्हा पुन्हा पहिला गिअर टाकत होते. टर्बो जागा व्हायच्या आधीचा तो क्षण सपाट रस्त्यावर जाणवतही नाही. कुंभार्लीत मात्र समोरून उतरणारा ट्रक आणि मागे एसटी असते, तेव्हा तोच क्षण महत्त्वाचा असतो. सोनेटचं ऑटोमॅटिक अतिशय मऊ चालतं. रोज शहरात गाडी काढणाऱ्याने ती जरूर बघावी. मला उतारावर गिअर स्वतःच्या हातात हवा असतो, म्हणून ती गेली.

राहिल्या दोन, नेक्सॉन आणि ३एक्सओ, दोन्ही मॅन्युअल. घाट दोघी चढल्या. नेक्सॉनचा ग्राउंड क्लिअरन्स २०८ मिलिमीटर, ३एक्सओचा २०१, म्हणजे माझ्या वापरात सारखाच. आता आप्पांना गुहागरहून आणायचं ठरवलं. ते एसटीने आले, कारण "गाडी बघायला गाडी कशाला पाठवतेस" हे त्यांचं म्हणणं. दोन्ही गाड्यांच्या मागच्या सीटवर त्यांनी चार-चारदा बसून बघितलं. पाय आधी, मग कंबर. आणि कंबर आधी, मग पाय. आपण नुसतं सीटच्या उंचीकडे बघतो. त्यांनी दाखवून दिलं की दार किती उघडतं आणि उंबऱ्यावरून पाऊल आत घेताना चाकाचा फुगवटा आड येतो का, हेही तितकंच महत्त्वाचं असतं. ३एक्सओत बसल्यावर ते म्हणाले, "बयो, यात चढायला लागत नाही, नुसतं बसायचं." घरातल्या वयस्कर माणसाला शोरूममध्ये नेल्याशिवाय गाडी ठरवू नका, एवढं मी कोणालाही सांगेन.

३एक्सओ ठरली, तरी तिचा कोणता प्रकार घ्यायचा हे राहिलं होतं. वरच्या प्रकारात १७ इंची चाकं येतात आणि दिसतात सुंदर. पण टायरवरचे आकडे वाचून बघा. २१५/५५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची २१५च्या ५५ टक्के, ११८ मिलिमीटर. १६ इंचातला २०५/६५ घेतला, तर तीच भिंत १३३ मिलिमीटर. हे पंधरा मिलिमीटर रबर आणि हवा म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यातलं अंतर. पाटणच्या पुढे पावसाळ्यात काय अवस्था असते ते माहीत असल्यामुळे मी १६ इंची चाकांचा मधला प्रकार घेतला. सहा एअरबॅग खालपासून सगळ्या प्रकारांत आहेतच, त्यामुळे खाली उतरल्याने सुरक्षिततेत त्या बाबतीत काही गमवावं लागलं नाही.

कोटेशनमध्ये "हँडलिंग चार्जेस" नावाची एक ओळ होती. ती काढायला सांगितली, काढली. विमा बाहेरून घेतला. जुन्या गाडीवरचा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल, तर नव्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियमवर (आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यावर) ५० टक्के सूट मिळते. त्यासाठी जुन्या विमा कंपनीकडून तसं पत्र घ्यावं लागतं. हे शोरूममध्ये कोणी आपणहून सांगितलं नाही.

सासूबाईंची इच्छा पाडव्याला गाडी घरी यावी अशी होती. मी त्यांना समजावलं की सणाच्या गर्दीत गाडी नीट तपासून घेता येत नाही, आणि त्यांनी ते मनापासून मान्य केलं. दिवाळीनंतर एका सकाळी, पासिंगच्या (आरटीओ नोंदणीच्या) आधी, मामांना सोबत घेऊन यार्डात गेलो. कंपनीकडून गाडीसोबत येणाऱ्या फॉर्म २२वर गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बनली ते लिहिलेलं असतं. टायरवर कोरलेल्या कोडच्या शेवटच्या चार आकड्यांत तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. चेसिस नंबर कागदाशी ताडून पाहिला. उन्हात उभी करून सगळे पॅनल पाहिले, प्रत्येक काच, प्रत्येक सीटबेल्ट, जॅक, स्टेपनी. नोंदणीनंतर हे सगळं बघून काही उपयोग नसतो. आपल्या नावावर झालेली गाडी बदलून मिळत नाही.

इकोस्पोर्ट एक्स्चेंजमध्ये द्यायची नाही, हे घरात सगळ्यांचंच ठरलं होतं. मामांच्या ओळखीतला ढेबेवाडीकडचा एक तरुण डेअरीवाला तिच्यावर आधीपासून डोळा ठेवून होता. खर्चाची सगळी यादी त्याच्यासमोर ठेवली आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा केली. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरले, पीयूसी आणि विमा चालू होताच. २०१९च्या आधीची गाडी म्हणून नवीन सुरक्षा नंबरप्लेट लागते, ती आधीच बसवून घेतली होती. आरसीवर त्याचं नाव चढल्याचा मेसेज येईपर्यंत मी पाठपुरावा सोडला नाही, कारण तोवर चलान असो वा अपघात, कायद्याच्या दृष्टीने मालक मीच. फास्टॅग मात्र किल्ली दिली त्याच दिवशी बंद केला.

नवी गाडी आता कुंभार्ली सरावाने उतरते-चढते. तिसऱ्या गिअरमध्ये जी वळणं कधी शक्य वाटली नव्हती, ती ही ओढून नेते. घाट धरून लिटरला १७च्या थोडं वर मिळतंय. स्टिअरिंग इकोस्पोर्टपेक्षा हलकं आहे, हायवेला मला ते अजून जरा जड चाललं असतं. पुढच्या पावसाळ्याआधी पिवळसर फॉग लॅम्प बसवायचे आहेत. वायरिंग न कापता आणि वॉरंटीला धक्का न लावता ते कसं करायचं, याची विचारपूस सध्या मामांकडे चालू आहे.